नुरा

मंगळवारी तो माझ्या काउंटरवर येतो,
क्लिफर्ड एंटविसल, वय एकोणसत्तर.
गुडघ्यांच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी एक,
आणि वर खोकल्याच्या वड्यांचा पुडा, पेपरमिंटच्या.
खोकताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही.
चष्मा घरी विसरलेला असतो,
पाकिटावरचं मीच वाचून दाखवते.
"जेवल्यावर," मी म्हणते.
"जेवल्यावर," तो म्हणतो, शहाण्या मुलासारखा.

शनिवारी हाच माणूस
मच्छीमार क्लबच्या हॉलात
काळी तंग चड्डी पोटाखाली ओढून
फ्लीटवूडचा खाटीक होतो
आणि अख्खं गाव त्याच्या नावानं शंख करतं.

गाव म्हणजे साठेक माणसं.
बोटी गेल्या, बर्फाचा कारखाना गेला,
मेव्हिस क्रॉफ्ट तेवढी उरली आहे पहिल्या रांगेत;
तिनं म्हणे एकोणऐंशी साली याला छत्रीनं बडवला होता.
आता ती चाकाच्या खुर्चीतून
मिटलेली छत्री नुसती रोखते,
आणि तो घाबरतो, दर वेळी, अगदी मनापासून.

रक्ताची गोळी चालू असताना पडायचं नसतं,
तीनदा बजावलं मी.
"पडणं हाच तर माझा धंदा," म्हणाला.
"जिंकायला काय, कोणीही जिंकतं."

समोर सोनेरी रॉय. रॉय हेस्केथ.
सोनं कधीच उडालं, आता कानामागे चार पांढऱ्या बटा.
बुटांच्या नाड्या नोरीन बांधते, त्याची बायको,
दोरांबाहेर गुडघ्यांवर बसून, दुहेरी गाठ.
रॉयच्या गोळ्या कसल्या ते मी सांगणार नाही,
आमच्या धंद्यात तोंड मिटून ठेवायचं असतं.
एवढंच,
की त्या दोन पिशव्या
मंगळवारी एकच माणूस घेऊन जातो.

आमच्या मिरजेत याला नुरा म्हणायचे.
ठरवून केलेली कुस्ती.
वडील तर एकदा मैदानातून उठून
तिकिटाचे पैसे परत मागायला गेले होते,
माझं बोट धरून, रागानं थरथरत.
नुरा: मी तो शब्द तोंडात धरून बसले होते
मेव्हिसच्या शेजारच्या खुर्चीत.

खाटकानं रॉयची मान काखेत धरली.
हॉल उसळला: चावतोय, कान चावतोय त्याचा!
मी चार हातांवर होते. मला ऐकू आलं.
"डावा हात, रॉय. आता मला दोरावर ढकल.
हां. आता वाक. शाबास, माझ्या राजा."

मग तो पडला.
फळ्या अशा वाजल्या की माझ्या दाढा दुखल्या.
पाठ टेकवून तो पडून राहिला, चितपट व्हायला तयार,
आणि रॉय
मध्येच उभा. दिव्यांकडे बघत.
हे कुठलं स्टेशन, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर.
पंचानं बूट बांधायचं निमित्त काढलं.
नोरीन उठली, बसली.
मेव्हिससुद्धा गप्प.

तेव्हा खाटकानं पडल्या पडल्या हात वर केला,
रॉयचं मनगट धरलं,
आणि थंडीत झोपेतला माणूस पांघरूण ओढून घेतो
तसा त्याला आपल्या अंगावर ओढून घेतला.
एक.
दोन.
तीन मोजायला पंचाला जरा वेळच लागला.

साठ माणसांनी केवढा गलका केला!
मीही उभी राहिले होते, असं नंतर लक्षात आलं.
वडील असते तर काय म्हणाले असते, माहीत नाही.
कदाचित पैसे मागायला गेलेच असते.

आज मंगळवार. कोपरापासून वर जांभळा डाग,
पिकल्या वांग्यासारखा.
"रॉय विचारतो, कोण जिंकलं," तो सांगतो.
"सांगितलं की इतका खूश होतो!
संध्याकाळी परत विचारतो. परत तेवढाच खूश."

दोन पिशव्या मी पुढे सरकवल्या. वड्यांचा पुडाही.
"खोकला तर नाही तुला, क्लिफ."
"छे, खोकला कसला," तो म्हणाला,
आणि या वयात, एवढा मोठा खाटीक,
चक्क लाजला.
"कानाशी बोलावं लागतं ना.
तोंडाला वास नको."